अ अक्षराचं तळं

इ.स. १०४६. क्योतोमध्ये त्या दिवशी नव्या सम्राटाच्या शुद्धिविधीची मिरवणूक निघणार होती आणि ती बघायला गावोगावची माणसं राजधानीकडे लोटली होती. नेमक्या त्याच दिवशी अडतिशीतली एक बाई गर्दीच्या उलट दिशेनं हासेच्या देवळाच्या यात्रेला निघाली. घरातून नावं ठेवली गेली, तरी निघाली. वाटेत उजी नदी आडवी आली. काठावर उतारूंची झुंबड, आणि नावाडी मात्र काठीवर रेलून इकडेतिकडे बघत उभे. नाव काठाला लावायची त्यांना काही घाई नव्हती. बराच वेळ ताटकळून ती एकदाची पलीकडे पोचली आणि तिथला एक प्रशस्त वाडा तिनं आत जाऊन पाहिला. तो पाहताना तिला आठवली एका कादंबरीतली मुलगी, उकिफुने. ती अशाच एखाद्या ठिकाणी राहिली असेल का, असं तिच्या मनात आलं.

या बाईचं नाव कुणालाच ठाऊक नाही. 'ताकासुएची मुलगी' एवढीच तिची ओळख उरली आहे, आणि उरलं आहे ते तिचं आत्मकथन, 'साराशिना निक्की'. तिनं पाहिलेला वाडा होता सम्राटाचा मुख्य प्रधान फुजिवारा नो योरिमिचि याचा. तिला आठवलेली कादंबरी म्हणजे मुरासाकी शिकिबूची 'गेंजी मोनोगातारी'. तिच्या ५४ प्रकरणांपैकी शेवटची १० याच उजीच्या धुक्यात घडतात. त्या यात्रेनंतर सहा वर्षांनी, १०५२ मध्ये, योरिमिचिनं त्या वाड्याचं मंदिर केलं. तेच आजचं ब्योदोइन.

क्योतो स्टेशनवरून नारा मार्गाची लोकल पकडली की अर्ध्या तासाच्या आत उजी येतं. स्टेशनातून बाहेर पडून दहाएक मिनिटं चाललं की नदी आणि मंदिर दोन्ही गाठता येतात. मंदिराकडे जाणाऱ्या गल्लीत दोन्ही बाजूंना चहाची दुकानं आहेत आणि भाजल्या जाणाऱ्या चहापत्तीचा वास पार मंदिराच्या दारापर्यंत सोबत करतो. उजी म्हणजे चहा, हे समीकरण जपानमध्ये शेकडो वर्षांचं आहे. चहाच्या झुडपांवर आच्छादन घालून, ऊन अडवून पानं हिरवीगार आणि मधुर करायची रीत इथल्या मळेवाल्यांनीच वाढवली. माच्चाची हिरवी पूड होते ती अशा सावलीतल्या पानांची. पण चहा हा वेगळ्या लेखाचा विषय. इथे नदीकडे वळायला हवं.

उजी नदी येते बिवा सरोवरातून. जपानमधल्या या सर्वांत मोठ्या सरोवरातून नैसर्गिकपणे बाहेर पडणारी नदी ही एकच. वर तिला सेता म्हणतात, मधे उजी आणि खाली ओसाकाच्या समुद्राकडे जाताना योदो. उजीजवळ ती डोंगरातून मोकळ्यावर येते, त्यामुळे पाणी वेगाचं. क्योतोहून नाराला जाणाऱ्याला ती ओलांडावीच लागे. इ.स. ६४६ मध्ये इथे पूल बांधल्याचं शिलालेख सांगतो. त्यानंतर तो पूल किती वेळा वाहून गेला, किती वेळा तोडला गेला आणि पुन्हा उभा राहिला, याची मोजदाद अवघड आहे. 'उजी' या नावाचा 'उशी' या शब्दाशी, म्हणजे 'दुःखी, उदास' या अर्थाशी, ध्वनिसंबंध जोडून जपानी कवींनी पिढ्यान्पिढ्या श्लेष केले. धुकं, वेगाचं पाणी आणि संसाराला विटलेली माणसं, अशी उजीची प्रतिमा साहित्यात घट्ट बसली.

अशा जागी वाडा बांधणारी माणसं मात्र संसारात चांगली मुरलेली होती. योरिमिचिचा बाप मिचिनागा याच्या ताब्यात हा वाडा ९९८ मध्ये आला. मिचिनागानं आपल्या मुली सम्राटांना दिल्या, नातवांना गादीवर बसवलं आणि स्वतः सम्राट न होता राज्य चालवलं. मुरासाकी शिकिबू त्याच्याच मुलीच्या, सम्राज्ञी शोशीच्या, पदरी होती. असा हा सर्वसत्ताधीश मरताना मात्र अमिताभ बुद्धाच्या मूर्तीच्या हातांना बांधलेले रंगीत दोरे स्वतःच्या हातात धरून पडून राहिला, असं वर्णन त्या काळच्या बखरवजा ग्रंथात आहे. त्या दोऱ्यांना धरून अमिताभानं आपल्याला पश्चिमेकडच्या त्याच्या भूमीत, सुखावतीत, ओढून न्यावं, ही त्याची आस होती.

मुलानं मंदिरासाठी १०५२ हेच साल निवडलं, यालाही कारण आहे. बुद्धाचं महापरिनिर्वाण इ.स.पू. ९४९ मध्ये झालं, असा हिशेब चीनमार्गे जपानमध्ये पोचला होता. (आजचे अभ्यासक ती घटना त्यानंतर चार-पाच शतकांनी झाली असं मानतात.) परिनिर्वाणानंतरची पहिली हजार वर्षं खऱ्या धर्माची, दुसरी हजार त्याच्या नुसत्या प्रतिरूपाची आणि मग 'माप्पो', म्हणजे धर्माच्या ऱ्हासाचं युग. आपल्याकडच्या कलियुगाच्या कल्पनेशी मराठी वाचकाला हे सहज जुळवता येईल. फरक इतकाच की कलियुग केव्हाच सुरू झालेलं आहे, तर जपानी दरबाऱ्यांच्या डोळ्यांसमोर ते येऊ घातलेलं होतं, आणि त्याचं साल ठरलेलं होतं: १०५२. त्याच वर्षी हासेचं देऊळ जळलं. ताकासुएच्या मुलीनं हट्टानं ज्याची यात्रा केली होती, तेच. दरबारातल्या लोकांनी ही युगान्ताची खूण मानली.

उपदेशानं आणि साधनेनं मोक्ष मिळण्याचे दिवस संपले असतील, तर मग एकच आशा उरते. अमिताभानं स्वतः यावं आणि न्यावं. ब्योदोइन ही या एका आशेची वास्तू आहे, आणि हे ध्यानात ठेवून पाहिलं की तिथली प्रत्येक गोष्ट बोलू लागते.

मुख्य दालन १०५३ मध्ये उभं राहिलं. त्याचं जुनं नाव नुसतं 'अमिदा-दो', अमिताभाचं दालन. पुढे लोक त्याला 'होओ-दो' म्हणू लागले. होओ हा पूर्व आशियातला शुभपक्षी. इंग्रजीत त्याला फिनिक्स म्हणतात आणि तेच नाव जगभर झालं, पण राखेतून पुन्हा जन्मणाऱ्या पाश्चात्त्य पक्ष्याशी त्याचं नातं नाही. होओ दिसतो तो सुराज्य आणि शांतता असली तर. छपराच्या कण्यावर दोन टोकांना असे दोन ब्राँझचे पक्षी पंख उभारून आहेत. शिवाय इमारतीचा आराखडाच पक्ष्यासारखा आहे. मधोमध धड, दोन्ही बाजूंना पंखांसारख्या ओसऱ्या, मागे शेपटीसारखी एक. या पंखांना वरचा मजला आहे, टोकांशी मनोरे आहेत, पण तिथे कुणी राहावं, बसावं, चालावं यासाठी ते बांधलेलेच नाहीत. ते आहेत फक्त दिसण्यासाठी.

दिसायचं कुठून? पाण्यापलीकडून. दालन तळ्याच्या पश्चिमेला उभं आहे आणि त्याचं तोंड पूर्वेला आहे. भाविक पूर्व काठावर उभा राहिला की त्याचं तोंड आपोआप पश्चिमेला, सुखावतीच्या दिशेला होतं, आणि मधे पाणी. उमरावांसाठी त्या पूर्व काठावर एक छोटा प्रासादही होता. मराठीत 'पैलतीर' म्हटलं की फक्त नदीचा दुसरा काठ डोळ्यांसमोर येत नाही, आयुष्यापलीकडचा काठही येतो. जपानी भाषेत त्याला 'हिगान' म्हणतात, अर्थ तोच. मूळ कल्पना भारतीय आहे, बौद्ध ग्रंथांतली 'पार' जाण्याची. वर्षातून दोनदा, दिवस आणि रात्र सारखे होतात आणि सूर्य बरोबर पश्चिमेला मावळतो त्या सुमारास, जपानी कुटुंबं 'हिगान' पाळतात, पूर्वजांच्या थडग्यांवर जातात. त्यातला सप्टेंबरातला हिगान आपल्या पितृपंधरवड्याच्या आगेमागेच येतो.

उत्खननांतून कळलं की या तळ्याचा काठ एके काळी अंड्याएवढ्या गोट्यांनी आच्छादलेला होता, नदीच्या पुळणीसारखा. तो आता पुन्हा तसा केला आहे. योरिमिचिच्या काळी तळं, पलीकडची नदी आणि तिच्या पलीकडचे डोंगर हे सगळं एकच दृश्य होतं. आज मधे बांध आणि झाडी आहे, त्यामुळे नदी ऐकू येते तेवढी दिसत नाही.

आता या तळ्याचं नाव. त्याला म्हणतात 'आजि-इके'. 'इके' म्हणजे तळं, 'जि' म्हणजे अक्षर, आणि 'आ' म्हणजे आपला अ. अ अक्षराचं तळं! मंत्रयानी बौद्ध परंपरेत अ हे सगळ्या अक्षरांचं मूळ. जे कधी जन्मलंच नाही, म्हणून मरतही नाही, अशा अनुत्पन्न तत्त्वाचं ते चिन्ह. तळ्याचा घाट या अक्षरावरून घेतला, असं मानलं जातं. अर्थात शाळेतल्या पाटीवरच्या 'अ अननसाचा'शी तो ताडून पाहता येणार नाही, कारण जपानमध्ये पोचलेली लिपी देवनागरी नव्हती, सिद्धम् होती. देवनागरीची ही थोरली नातलग भारतात कधीच वापरातून गेली, जपानमध्ये मात्र आजही जिवंत आहे. भिक्षू कूकाई ८०६ मध्ये चीनहून परतला तेव्हा त्यानं संस्कृत मंत्र आणि त्यांची लिपी सोबत आणली. आजही जपानी दफनभूमीत थडग्यांमागे उंच लाकडी फळ्या दिसतात, त्यांवर सिद्धम् अक्षरं काळ्या शाईनं लिहिलेली असतात. त्या फळ्यांना 'सोतोबा' म्हणतात. हा शब्द 'स्तूप' या शब्दाचंच जपानी रूप. जपानी मुलं वर्णमाला शिकतात तीही आ-इ-उ-ए-ओ आणि मग का-सा-ता-ना या क्रमानं. हा क्रम संस्कृत वर्णमालेच्या अभ्यासातून बसलेला आहे. मराठी माणूस उजीच्या तळ्याकाठी उभा राहतो तेव्हा त्याला परकं वाटण्याचं कारण नाही. त्याच्या पाटीवरचं पहिलं अक्षर तिथे हजार वर्षं पाण्यात पडलेलं आहे.

आणि ते तळ्यातच थांबत नाही.

दालनात अमिताभाची मूर्ती आहे, बसलेली, सुमारे २.८ मीटर उंच, सोन्याचा वर्ख लावलेली. ती घडवली जोचो या शिल्पकारानं. मूर्तिकारांना दरबारात कारागिराची पायरी असताना जोचोला १०२२ मध्ये धर्मपदवी मिळाली, असा मान मिळवणारा तो पहिला मूर्तिकार. त्यानं आयुष्यभर पुष्कळ काम केलं, पण निःसंशय त्याच्या हातची म्हणता येईल अशी ही एकच मूर्ती आज उरली आहे. त्याच्या आधी मोठी मूर्ती बहुधा एका ओंडक्यातून कोरत. लाकूड वाळताना तडकायचं, आणि खोडाच्या घेराएवढीच मूर्ती होऊ शकायची. जोचोनं अनेक ठोकळे जोडून मूर्ती करण्याचं तंत्र पूर्णत्वाला नेलं. जपानी सायप्रसचे ठोकळे आतून पोखरायचे, वेगवेगळ्या हातांनी घडवायचे आणि मग सांधायचे. मूर्ती हलकी होते, तडकत नाही, आणि एका कार्यशाळेत दहा माणसं एकाच वेळी तिच्यावर काम करू शकतात. तंत्राचं कौतुक आहेच, पण त्याहून मोठं आहे ते त्या चेहऱ्यातलं मार्दव. डोळे अर्धमिटले, खांदे सैल, गुडघे पसरून बसलेली बैठक. पुढची शे-दीडशे वर्षं जपानी मूर्तिकार हीच प्रमाणं आदर्श मानत राहिले.

पोकळ मूर्तीच्या पोटात एक लाकडी कमळ ठेवलेलं होतं आणि त्यावर चंद्रबिंबासारखी एक चकती. चकतीवर अमिताभाच्या दोन धारणी सिद्धम् अक्षरांत लिहिलेल्या आहेत, एक मोठी, एक छोटी. मोठ्या धारणीत 'अमृत' हा शब्द १० वेळा येतो, म्हणून जपानी परंपरेत तिला 'दहा अमृतांचा मंत्र' असंही म्हणतात. बाहेर पाण्याला अक्षराचं नाव आणि आत मूर्तीच्या हृदयाशी अक्षरं. बघणाऱ्याला ती कधीच दिसणार नव्हती, तरी लिहिली गेली.

भिंतींवर, छताजवळ, ५२ छोटे बोधिसत्त्व ढगांवर बसून तरंगत असतात. कुणी ढोल बडवतो, कुणी बासरी फुंकतो, कुणी नाचतो, काही नुसते हात जोडून बसलेले. सुखावतीहून अमिताभ मरणाऱ्याला न्यायला येतो तेव्हाचं हे वाजंत्रीपथक. दारांवर आणि भिंतींवर त्याच आगमनाची नऊ प्रकारची चित्रं होती, कारण माणसाच्या पुण्याईनुसार स्वागताचे नऊ दर्जे शास्त्रात सांगितले आहेत. मागच्या डोंगरांत, ओढ्यांत आणि झाडांत जपानी भूदृश्य आहे. अमिताभ कुठल्या अनोळखी देशात उतरत नाही, तो उजीच्या टेकड्यांवरून येतो.

'ब्योदो' या शब्दाचा अर्थ समता. सत्तेच्या शिखरावरच्या घराण्यानं बांधलेल्या या खासगी सुखावतीला समतेचं नाव का, याचं उत्तर बौद्ध विचारात आहे. बुद्धाची करुणा सगळ्यांवर सारखी, हा त्याचा गाभा. पण योरिमिचिच्या काळात ती करुणा विकत घ्यायला सोनं, सायप्रस आणि तळं लागत होतं. ही अट मोडली ती शंभरेक वर्षांनी होनेन या भिक्षूनं. 'नामु अमिदा बुत्सु', म्हणजे अमिताभ बुद्धाला नमन, एवढं नाम मनापासून घेतलं की पुरे, असं त्यानं ११७५ पासून सांगायला सुरुवात केली. कोळी, शिकारी, वेश्या, निरक्षर शेतकरी, कुणालाही तो मार्ग मोकळा झाला. वारकऱ्यांच्या नाममाहात्म्याशी त्याचा ऐतिहासिक संबंध नाही, पण नामाचा गजर कानांत घेऊन वाढलेल्या मराठी माणसाला होनेनचं म्हणणं समजावून सांगावं लागत नाही. ब्योदोइनला खरा अर्थ आला तो होनेननंतर, असं म्हणायला हरकत नाही. आज या मंदिराचा कारभार तेंदाई आणि होनेनचा जोदो, अशा दोन्ही पंथांचे मठ मिळून बघतात.

ज्या पुलामुळे उजीला महत्त्व आलं, त्यानंच इथे युद्धंही आणली. ११८० मध्ये तायरा घराण्याविरुद्ध उठलेला मिनामोतो नो योरिमासा राजपुत्र मोचिहितोला घेऊन नाराकडे पळत होता. उजीला थांबावं लागलं. त्यानं पुलाच्या फळ्या उखडल्या, तरी तायरांचे घोडेस्वार नदीत उतरून पलीकडे आले. सत्तरी ओलांडलेल्या योरिमासानं ब्योदोइनच्या आवारात पोट चिरून घेतलं. तो कवीही होता. पंख्याच्या आकाराचा हिरवळीचा एक तुकडा आजही ती जागा म्हणून दाखवतात. पुढे १३३६ च्या यादवीत आवारातल्या जवळपास सगळ्या इमारती जळाल्या. होओ-दो वाचलं. भोवती इतकं जळत असताना लाकडी इमारत उभी राहिली, एवढ्यावरही जपानी लोकांनी तिच्यावर जीव टाकला असता.

मात्र जीव टाकणं पुरेसं नसतं, लाकूड सांभाळावं लागतं. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस दालन पार खचलेलं होतं. १९०२ ते १९०७ आणि १९५० ते १९५७ अशा दोन मोठ्या दुरुस्त्या झाल्या. दुसरी दुरुस्ती चालू असताना, १९५१ मध्ये, होओ-दोचं चित्र १० येनच्या नाण्यावर आलं आणि आजही आहे. २०१२ ते २०१४ मध्ये छपराची कौलं आणि बाहेरचा रंग यांचं काम झालं. आज दिसणारा तांबूस-तपकिरी रंग मूळ रंगाच्या अभ्यासावरून दिलेला आहे. छपरावर आहेत त्या पक्ष्यांच्या प्रतिकृती. मूळ पक्षी, जुनी घंटा आणि ५२ पैकी २६ बोधिसत्त्व २००१ मध्ये उघडलेल्या संग्रहालयात आहेत. हे संग्रहालय बरंचसं जमिनीखाली आहे, कारण तळ्याच्या दृश्यात दुसरी इमारत यायला नको होती. जुनी वास्तू जपताना तिच्या आजूबाजूला काय बांधू नये, हे इतक्या कसोशीनं पाळलेलं क्वचित बघायला मिळतं. आपल्या लेण्यांच्या आणि देवळांच्या पायथ्याशी उभी राहणारी बांधकामं आठवली की हे जास्तच जाणवतं.

एप्रिलच्या अखेरीस आवारातल्या मांडवावर विस्टेरियाचे जांभळे घोस लोंबू लागतात. जपानीत या वेलीला 'फुजि' म्हणतात, फुजिवारा घराण्याच्या नावातली तीच. त्या दिवसांत गर्दी फार असते.

दालनात आत जायचं तिकीट वेगळं आहे. ५० जणांची तुकडी करून सोडतात आणि थोड्याच वेळात बाहेर आणतात. ढगांवरचे बोधिसत्त्व जवळून बघायचे तर त्या रांगेत उभं राहावं. पण त्याआधी तळ्याला वळसा घालून पूर्व काठावर जावं, शक्यतो सकाळी, म्हणजे ऊन दालनाच्या तोंडावर असतं. मधल्या दारांच्या जाळीत एक गोल खिडकी ठेवलेली आहे. बरोबर समोर उभं राहिलं की त्या खिडकीत अमिताभाचा चेहरा दिसतो, फक्त चेहरा, आणि खाली पाण्यात सगळं दालन उलटं. वेळ कमी असेल तर आतलं तिकीट राहिलं तरी चालेल, पूर्व काठ चुकवू नका. योरिमिचिच्या सुतारांनी ते दालन तिथूनच बघण्यासाठी बांधलं होतं.